आठ घरं, चार बक्षिसं, मग फिफ्टी-फिफ्टी का नाही?

कानात हेडफोन असतील तर हातात एक कागद आणि पेन घ्या, आज थोडी आकडेमोड आहे. घाबरू नका, भागाकाराच्या पुढे फारसं काही नाही. आणि ऐकण्याऐवजी इथे वाचत असाल तर उत्तमच, आकडे डोळ्यासमोर राहतील.

विषय शाळेतला आहे. दहावीच्या बीजगणितातला पाचवा धडा, संभाव्यता. त्यातही एकच गोष्ट घेऊया, फिरतं चाक. काही चाकांमध्ये काटा फिरतो, काहींमध्ये चाकच फिरतं. गणित दोन्हीकडे सारखंच.

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे दोन माणसं. दोघंही आमच्या फोंडाघाटातली.

पहिला माझा भाचा. यंदा दहावीत आहे. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा त्याच्या वहीत एक वर्तुळ काढून दिलं. अर्धं लाल, पाव निळं, पाव पिवळं. विचारलं, काटा लालवर थांबायची संभाव्यता किती? तो एका सेकंदात म्हणाला, "मामा, तीन रंग असत, त्यातलो एक लाल. म्हणजे तीनात एक."

दुसरा माझा शाळेतला मित्र. काजूच्या बिया विकून आलेले पैसे खात्यात होते. रात्री झोप येईना म्हणून फोनवर एक चाक फिरवायला लागला. पैसे लावायचे, चाक फिरवायचं. पहाटेपर्यंत चौदा हजार गेले. मला मेसेज आला, "आठ घरां असत, चार बक्षिसाची. म्हणजे फिफ्टी-फिफ्टी नाय काय?"

दोघांची चूक एकच आहे. एकाचा मार्क गेला असता, दुसऱ्याचा काजूचा हंगाम गेला. म्हणून म्हटलं, या चुका एकदा नीट मांडूया.

चूक पहिली. घरं मोजायची, पण ती सारखी आहेत का ते बघायचं नाही.

पुस्तकातलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. हव्या त्या निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. पण हे सूत्र चालायला एक अट आहे, आणि ती अट पुस्तकात एकाच शब्दात लिहिलेली असते. समसंभाव्य. म्हणजे प्रत्येक निष्पत्ती घडायची संधी सारखी. आपण हा शब्द वाचतो आणि पुढे जातो, जणू शोभेसाठी लिहिलाय. खरं तर सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

भाच्याच्या वर्तुळात तीन रंग होते, पण लालला ३६० पैकी १८० अंश मिळाले होते. काटा रंगांची नावं मोजत नाही. कुठल्या रंगाला किती जागा आहे, एवढंच त्याच्या लेखी महत्त्वाचं. १८० भागिले ३६०, म्हणजे १/२. निळ्याला ९० अंश, म्हणजे १/४. पिवळ्यालाही १/४. तिन्हींची बेरीज १ येते का बघायचं. आली, म्हणजे गणित जुळलं.

त्याला पटेना. मग आम्ही वर्तुळ कापलं, मधोमध पेनाचं टोक टेकवलं, त्यात यू-पिन अडकवली आणि टिचकी मारून फिरवायला लागलो. ८० वेळा. लाल ४३, निळा १६, पिवळा २१. त्याच्या हिशोबाने लाल २७ च्या आसपास यायला हवा होता. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि मग स्वतःच खोडरबर शोधायला लागला.

आता याचीच दुसरी बाजू. निळा ८० चा पाव, म्हणजे २० यायला हवा होता, आला १६. मग पिन खराब आहे का? नाही. एवढा फरक चालतो. दहा-वीस वेळा फिरवून "हे चाक खोटं आहे" म्हणणारेही चुकतात आणि "हे चाक लकी आहे" म्हणणारेही. चाकाची परीक्षा घ्यायची तर खूप वेळा फिरवावं लागतं.

याच चुकीचा एक भाऊ आहे. "एक तर येईल, नाही तर नाही येणार. म्हणजे पन्नास टक्के." हा युक्तिवाद मी मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय. अरे, उद्या फोंड्याच्या घाटात गवा एक तर दिसेल, नाही तर नाही दिसणार. म्हणून रोज वर जाणाऱ्या निम्म्या गाड्यांना गवा दिसतो का? शक्यता दोन आहेत, पण त्या सारख्या नाहीत.

चूक दुसरी. प्रश्न नीट न वाचणं.

दहावीच्या पुस्तकात बाणाचा प्रश्न आहे. १ ते ८ अंक, बाण फिरतो, सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य. मग चार उपप्रश्न. ८ वर थांबेल? १/८. विषम संख्येवर? १, ३, ५, ७, म्हणजे ४/८, अर्थात १/२. इथपर्यंत सगळे बरोबर. तिसरा, २ पेक्षा मोठ्या संख्येवर? इथे कितीतरी जण २ सुद्धा मोजतात आणि ७/८ लिहितात. "पेक्षा मोठी" म्हटलं की २ बाहेर. उरतात सहा, म्हणजे ६/८, अर्थात ३/४. चौथा, ९ पेक्षा लहान संख्येवर? चाकावर आहेत त्या सगळ्याच ९ पेक्षा लहान. उत्तर ८/८, म्हणजे १. पण प्रश्नात ९ दिसला की तो कुठे तरी वापरायची खाज येते. मग कोणी ८/९ लिहितं, कोणी ९/८. उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर थांबा. शंभरात एकशेबारा वेळा काहीच घडत नाही.

आणि छेदात काय लिहायचं तेही बघा. आठ घरांपैकी तीन लाल असतील तर ३/८. पुष्कळ मुलं ३/५ लिहितात, कारण लाल तीन आणि बाकीची पाच. ती तुलना झाली, संभाव्यता नाही. छेदात सगळी घरं येतात, लाल धरून.

चूक तिसरी. जास्त घरं दिसली की जास्त संधी वाटते.

दोन चाकं आहेत समजा. पहिल्यावर ८ घरं, ३ लाल. दुसऱ्यावर १२ घरं, ४ लाल. लालवर बक्षीस. कुठलं चाक घ्याल? बहुतेक जण दुसरं घेतात, चार घरं आहेत ना. पण ३/८ म्हणजे साडेसदतीस टक्के आणि ४/१२ म्हणजे तेहेतीसच्या जरा वर. पहिलं चाक बरं. तसंच, लाल घरं सलग आहेत की विखुरलेली, याने फरक पडत नाही. विखुरलेली असली की "इथे पण लाल, तिथे पण लाल" असं वाटतं, एवढंच. आणि चाक थाळीएवढं असो की बैलगाडीच्या चाकाएवढं, अंश तेवढेच.

चूक चौथी. चाकाला आठवण असते असं समजणं.

ही माझी स्वतःची. सहावीत होतो. आजूबाजूच्या एका गावची जत्रा. आजीने खाजं घ्यायला वीस रुपये दिलेले. देवळात दर्शन झालं, रात्री दशावतार सुरू व्हायला वेळ होता, आणि कोपऱ्यात एक चाक फिरत होतं. कडेने खिळे, त्यांच्यावर टकटक वाजणारी पट्टी, १ ते ८ आकडे. मी बराच वेळ नुसता उभा राहून बघत होतो. पाच काही केल्या येत नव्हता. बाजूचा एक दादा म्हणाला, "आता पाचाचोच नंबर, बघ!" मला ते अगदी शास्त्रीय वाटलं. दहा रुपये पाचावर. गेले. आता तर नक्कीच. उरलेले दहाही गेले. घरी आजीने खाजं कुठे विचारलं तेव्हा मी सांगितलं, वाटेत खाल्लं.

चाकाला मागचं काही आठवत नसतं. पाच वीस वेळा आला नसेल तरी एकविसाव्या वेळी त्याची संधी १/८ च. यावर जगभर माणसं फसलीत. १९१३ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा आला. लोक प्रत्येक वेळी "आता तरी लाल" म्हणत पैसे वाढवत गेले आणि बुडाले.

आता उलटी बाजू. एकदा फिरवलं तर १/८, मग आठदा फिरवलं तर ८ गुणिले १/८ म्हणजे १, म्हणजे एकदा तरी पाच येणारच? नाही. इथे उलट्या बाजूने जायचं. पाच न येण्याची संधी प्रत्येक वेळी ७/८. आठही वेळा न येण्याची म्हणजे ७/८ स्वतःशी आठ वेळा गुणायचं. मोबाईलमध्ये करून बघा, ०.३४ येईल. म्हणजे आठ वेळा फिरवूनही साधारण तिनात एकदा पाच येतच नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेवालिए द मेरे नावाचा एक जुगाराचा शौकीन अशाच हिशोबात अडकला. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा येण्याची संधी ५१.८ टक्के आहे. त्याला वाटलं, दोन फाशांवर सहा-सहा यायची संधी ३६ त एक, म्हणजे सहापट कमी. मग सहापट वेळा, चोवीसदा टाकले की झालं. पण तिथे येतात ४९.१ टक्के. दिसायला फरक एवढासा, पण एक खेळ नफ्याचा आणि दुसरा तोट्याचा. त्याचे प्रश्न पास्कलकडे गेले, १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला आणि आज आपण शिकतो ते संभाव्यतेचं गणित तिथून उभं राहिलं.

चूक पाचवी. दोन चाकं आली की गोंधळ.

दोन चाकं, दोन्ही अर्धी लाल, अर्धी निळी. दोन्ही फिरवली. एक लाल आणि एक निळा येण्याची संधी किती? झटपट उत्तर असतं, तीन प्रकार आहेत, दोन्ही लाल, दोन्ही निळे, एक-एक, म्हणजे १/३. पुन्हा तीच पहिली चूक! हे तीन प्रकार समसंभाव्य नाहीत. नमुना अवकाश नीट लिहा. लाल-लाल, लाल-निळा, निळा-लाल, निळा-निळा. चार झाले. त्यातले दोन हवेत. उत्तर १/२.

ही चूक झाली म्हणून लाज वाटून घेऊ नका. दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. त्याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा येण्याची संधी २/३. खरं उत्तर ३/४. पहिल्यांदाच छापा आला की पुढे उडवायची गरज नाही, म्हणून त्याने तीनच प्रकार मोजले आणि ते तिन्ही सारखे धरले. एवढा मोठा माणूस, पण अडखळला आपल्या भाच्याच्याच जागी.

"किंवा" आलं की अजून एक खड्डा. १ ते ८ च्या चाकावर विषम किंवा ४ पेक्षा मोठी संख्या येण्याची संधी? विषम ४/८, चारपेक्षा मोठ्या ४/८, बेरीज १. म्हणजे नक्की? मग २ आला तर काय करणार? तो विषमही नाही आणि ४ पेक्षा मोठाही नाही. ५ आणि ७ आपण दोनदा मोजले, म्हणून घोळ झाला. एकदाच मोजा. १, ३, ५, ६, ७, ८. सहा झाले. उत्तर ३/४.

चूक सहावी शाळेत शिकवत नाहीत, पण ती सगळ्यात महाग आहे. जिंकायची संधी बघायची आणि जिंकल्यावर मिळणार किती हे बघायचंच नाही.

माझ्या त्या जत्रेतल्या चाकावर दहा रुपये लावले आणि आकडा लागला तर साठ मिळायचे. सहापट! डोळे फिरतात. पण आठ वेळा खेळलात तर गेले ऐंशी आणि सरासरी एकदा लागलं तर आले साठ. म्हणजे दर शंभर रुपयांमागे २५ रुपये चाकवाल्याचे. तेही चाक अगदी प्रामाणिक असताना.

मटक्याचंही तसंच. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडे लावायचे. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी त्याला मटक्याचं रूप दिलं आणि तो गावोगाव पोचला. ० ते ९ पैकी एक आकडा, म्हणजे एका अर्थी दहा घरांचं चाकच. एकाला नऊ हा रूढ भाव धरला तर शंभरामागे १० रुपये आकडा घेणाऱ्याचे. आणि पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, तिथलं रूलेट घ्या. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर तुमचे पैसे धरून छत्तीसपट परत मिळतात. शंभरामागे साधारण २ रुपये ७० पैसे जातात. म्हणजे झगमगाटातलं चाक जत्रेतल्यापेक्षा दयाळू निघालं! पण तिथे ते रात्रभर फिरत राहतं. थोडं-थोडं, पण प्रत्येक फेरीला.

आता येऊया मित्राच्या फोनवर. मी सॉफ्टवेअर लिहितो म्हणून हे सांगायचा मला थोडा हक्क आहे.

जत्रेतल्या चाकाला निदान खिळे असतात, ते लाकडाचं असतं. कोणी वाकडं केलं तर डोळ्यांनी दिसू शकतं. फोनवरचं चाक हे नुसतं चित्र आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा उत्तर आधी ठरतं, साधारणपणे दूर कुठल्या तरी सर्व्हरवर. मग "या घरावर थांबायचंय" असा निरोप फोनला येतो आणि चाक तसं फिरवून दाखवलं जातं. शेवटी हळू-हळू होणं, बक्षिसाच्या अगदी शेजारी येऊन सरकणं, हे सगळं निकाल लागून गेल्यावरचं नाटक.

आणि उत्तर ठरतं कसं? प्रोग्रॅममध्ये प्रत्येक घराला एक वजन देता येतं. उदाहरण देतो, कुठल्या एका अ‍ॅपचं नाही, कसं करता येतं त्याचं. एकूण वजन १०००. चार बक्षिसांच्या घरांना १०, ४०, ५० आणि १००. झाले २००. उरलेल्या चार घरांना प्रत्येकी २००. झाले ८००. पडद्यावर आठही घरं ४५ अंशांची, एकसारखी रंगवलेली. बघणारा म्हणतो आठात चार, पन्नास टक्के. प्रत्यक्षात हजारात दोनशे, वीस टक्के. हे लिहायला मला दहा मिनिटंही लागणार नाहीत. आणि बाहेरून बघून ते ओळखायला तुमच्याकडे काहीच साधन नाही.

भाच्याच्या वर्तुळात घरांचे आकार वेगळे होते आणि ते दिसत होते, तरी तो चुकला. मित्राच्या चाकात आकार सारखे होते आणि वजनं लपवलेली असू शकत होती. प्रश्न दोघांनी एकच विचारायला हवा होता. ही घरं समसंभाव्य आहेत, हे मला कोणी सांगितलं? परीक्षेत ते प्रश्नात लिहिलेलं असतं, तिथे विश्वास ठेवा. फोनवर ते कुठेही लिहिलेलं नसतं.

मित्राची गोष्ट कायदा यायच्या आधीची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पण कूपनची, कॅशबॅकची फुकट चाकं तुम्हाला रोज दिसतात. तिथे पैसे जात नाहीत, हे खरं. पण सवय लागते आणि सवयीबरोबर "आठात चार" असा हिशोबही डोक्यात बसतो.

तर परीक्षेसाठी आणि बाहेरसाठी चार प्रश्न लक्षात ठेवा. घरं खरंच सारखी आहेत का? छेदात सगळी धरली का? आधीच्या फेऱ्या मी उगाच हिशोबात घेतोय का? आणि लागलं तर मिळणार किती, गेलं तर जाणार किती?

मित्राला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं, त्याच्याच अंगणात. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ह्या शाळेत शिकवलेला ना रे?" म्हटलं, शिकवलं होतं. आपण सूत्र पाठ केलं आणि तो एक शब्द सोडून दिला.

या आठवड्यात एक काम करा. कागद, पेन, यू-पिन. स्वतःचं चाक बनवा, आधी वहीत उत्तर लिहा, मग ८० वेळा फिरवा. तुमचे आकडे काय आले ते मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि घरात कोणी दहावीत असेल तर हा भाग त्याला किंवा तिला नक्की पाठवा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या. येतो.